चित्रात न दिसणारी दोरी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मी औषधं बनवते असा सगळ्यांचा पक्का समज आहे. वॉचमनला कणकण आली तरी तो माझ्याकडे गोळी मागायला येतो. मी आयुष्यात एक गोळी बनवलेली नाही. पांढरा कोट घातला तो एकदाच, कंपनीच्या माहितीपत्रकासाठी फोटो हवा होता म्हणून, आणि तोही आमच्या प्रयोगशाळेतल्या ग्लोरियाचा, माझ्या बोटांपर्यंत बाह्या येणारा. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका मसाल्याच्या कारखान्याशेजारी आमचं ऑफिस. दिवसभर गरम मसाल्याचा वास आणि समोर कंप्युटर. निवृत्त होईपर्यंत मी हेच केलं, आणि अजूनही अधूनमधून सल्ला द्यायला जाते.

या अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा संपादक बाईंनी बजावलं, "पुरस्कार-बिरस्कार नकोत हां, किस्से लिहा." पुरस्कार मिळालेलेच नाहीत, त्यामुळे तिथे काही अडचण नाही. किस्से आहेत. त्यातला एक मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि खरं सांगायचं तर तोच लिहायचा म्हणून मी होकार दिला.

आधी काम काय ते सांगते. काही माणसांच्या शरीरात जन्मतःच एखादा जीन बिघडलेला असतो. त्याची चांगली नक्कल प्रयोगशाळेत करता येते. पण ती नुसती टोचली तर रक्त तिचे तुकडे तुकडे करून टाकतं. म्हणून ती चरबीच्या अतिसूक्ष्म कणात गुंडाळून पाठवायची. मोदकासारखं समजा, आत सारण आणि बाहेर पारी. फक्त ही पारी रक्तातून जाताना फुटता कामा नये आणि पेशीच्या आत पोचल्यावर मात्र फुटलीच पाहिजे. पेशी कण गिळते आणि एका पिशवीत कोंडून ठेवते. पिशवीत आम्ल असतं. वेळेत तिथून निसटला तर जीन कामाला लागतो, नाहीतर पचून जातो. बहुतेक पचूनच जातात. चरबी कोणती घ्यावी, तिचं डोकं कसं असावं, शेपटी केवढी, म्हणजे पारी नेमकी त्याच जागी उकलेल, हे शोधायचं.

शेकडो चरब्या खरोखर बनवून बघायच्या म्हटल्या तर जन्म पुरायचा नाही. म्हणून आधी मी कंप्युटरवर बघायचे. प्रत्येक अणू म्हणजे एक गोटी. कोण कोणाला ओढतो, कोण कोणाला ढकलतो याचे नियम भरायचे आणि यंत्राला म्हणायचं, चल बाबा, हलव आता. डोळ्याची पापणी लवते ना, तेवढ्या वेळाच्या लाखाव्या हिश्श्याचं चित्र तयार व्हायला आमच्या यंत्रांना आठवडे लागायचे. त्यातही अख्खा कण झेपायचा नाही. पारीचा एक तुकडा घ्यायचा, पेशीतल्या पिशवीच्या भिंतीचा एक तुकडा, दोन्ही पाण्याच्या पेटीत ठेवायचे, आणि वाट बघायची. माझी नोकरी म्हणजे मुख्यतः वाट बघणं.

आमच्याकडे येणारी गिऱ्हाइकंही एकेक नग. घाटकोपरचे एक शेठ औषध कंपनी काढायच्या विचारात होते. चित्र बघून म्हणाले, "मॅडम, कण लाल का? आमच्या कंपनीचा रंग निळा आहे." मी म्हटलं, "शेठ, एवढ्या बारीक वस्तूला रंगच नसतो." ते म्हणाले, "मग निळा करायला काय हरकत आहे?" यावर काय बोलणार! केला निळा. एकदा आमच्या बुद्धविहारात बायकांना माझ्या कामाबद्दल सांगत होते. बाबा वऱ्हाडातून येऊन महापालिकेच्या गॅरेजात लागले, त्यांची पोरगी एवढी शिकली, याचं विहारात फार कौतुक. तासभर घसा कोरडा केला. शेवटी पुढच्या रांगेतल्या आजींनी विचारलं, "पण सुई टोचायची का नाही?" म्हटलं, टोचायची. "मंग काय उपेग!" म्हणून त्यांनी पिशवी उचलली.

आणि चुका! आमच्या चुकाही आमच्यासारख्याच. पेटीला भिंती नसतात, डाव्या बाजूने बाहेर गेलेला अणू उजवीकडून आत येतो, असा हिशोब असतो. एकदा एका नव्या सहकाऱ्याचे कण एकमेकांना असे घट्ट चिकटत होते की ऑफिसात पेढे वाटायची वेळ आली. बघितलं तर पेटी लहान घेतलेली. एकच कण एका कडेने बाहेर जाऊन दुसऱ्या कडेने स्वतःलाच भेटत होता. चिमणी आरशात चोच मारते ना, तसं. पेढे राहिले.

हे सगळं हसण्यासारखं. आता एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं.

आमच्या चित्रांत दोन गोष्टी दाखवत नाहीत. एक पाणी. पेटीत बहुतेक सगळं पाणीच असतं, पण ते दाखवलं तर बाकी काहीच दिसत नाही, म्हणून बटण दाबून लपवायचं. दुसरी दोरी. पिशवीतून जीन बाहेर निसटायला पेशीत जो वेळ लागतो तेवढा वेळ आमच्या यंत्रावर उभा करायचा तर माझ्या नातवंडांनाही रिटायर व्हावं लागेल. मग आम्ही जीनच्या टोकाला गणितातली एक दोरी बांधतो आणि ओढतो. किती जोर लावावा लागला ते मोजतो. ज्या चरबीला कमी जोर लागला ती बरी, एवढाच त्याचा अर्थ. यात लबाडी नाही. धंद्यातला माणूस असं हलतं चित्र बघितलं की पहिल्यांदा विचारतो, "ओढलंय का?" घरात आपण "कुकर लावलाय का?" विचारतो त्या आवाजात. समोरचा हो म्हणतो आणि बोलणं पुढे सरकतं. बाहेरचा माणूस हे विचारत नाही. त्याला कुठून ठाऊक असणार?

आमचे प्रमुख सामंत सर. हुशार माणूस, मनाने वाईट अजिबात नाही. बाहेरून येणाऱ्या मोठ्या पाहुण्यांना दाखवायला त्यांनी एक छोटी फिल्म करून घेतली. चित्र माझं होतं. पारी पिशवीच्या भिंतीला टेकते, दोन्ही एकमेकांत मिसळतात, आणि जीनचा धागा सळसळत बाहेर येतो. खाली एक ओळ लिहून दिली होती की धागा ओढून काढला आहे. फिल्मवाल्यांनी ती उडवली. का, तर अक्षरं फार होतात. मागे बासरी लावली. मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन भांडले. ते म्हणाले, "वंदना मॅडम, बघणारे सगळे जाणकार आहेत. त्यांना न सांगता कळतं." त्या पाहुण्यांपुरतं ते खरंही होतं. पण पुढे कोणीतरी ती फिल्म कंपनीच्या पानावर टाकली, आणि तिथून ती आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आली. सेक्रेटरींनी हात जोडल्याची चित्रं टाकून वर लिहिलं होतं, 'आपल्या बी विंगचा अभिमान.' अभिमान कसला, कपाळ!

कारण त्याच बी विंगमध्ये, माझ्या खालच्या मजल्यावर परब राहतात.

राजेश परब कुरिअर कंपनीत, अंधेरीलाच. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. बायको स्मिता घरी, कारण मुलगी जुई. जुईला जन्मापासून स्नायूंचा आजार. एक जीन बिघडलेला, त्यामुळे स्नायू हळूहळू विरत जातात. लहानपणी चालायची, मग धरून चालायची, मग खुर्ची. डोकं मात्र असं तल्लख आणि जीभ अशी तिखट की विचारू नका. नकला तर काय करायची! सेक्रेटरींचा आवाज काढून ती खिडकीतून ओरडायची, "गाड्या लाइनीत लावा, लाइनीत!" आणि खाली खरोखर दोघे-तिघे गाड्या सरळ करायला लागायचे. मला मावशी म्हणते. माझ्याकडे बसून तिने मोदकाची पारी आणि सारण कितीदा तरी ऐकलेलं.

ती सहावीत होती तेव्हा तिच्या पाठीचा कणा वाकायला लागला. या आजारात असं होतं, पाठीला धरून ठेवायला स्नायूच उरत नाहीत. वाकलेला कणा फुफ्फुसांना दाबतो. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, कण्याला दोन्ही बाजूंनी धातूचे दांडे बसवायचे. तेही लवकर. फुफ्फुसं थकली की भूलच देता येणार नाही, मग कोणी हात लावणार नाही. ऑपरेशनचा दिवस ठरला. त्या आठवड्यात मी मुद्दाम कुठे बाहेर गेले नाही.

आदल्या दिवशी स्मिता घावणे घेऊन आली. डबा टेबलावर ठेवला आणि उभीच राहिली.

"ताई, रद्द केलं आम्ही."

"काय रद्द केलं?"

"ऑपरेशन. हे म्हणतात, तुमचं औषध येतंय, तर उगाच पोरीला कापायला कशाला द्यायची?"

मी तशीच चपला घालून खाली गेले. राजेश मोबाइल हातात घेऊन बसला होता. मला बघून तो उठला आणि अगदी आनंदाने म्हणाला, "या ताई, या. तुम्हाला फोन करणारच होतो. बघितला व्हिडिओ. झकास! किती वर्षं करत होतात, झालं शेवटी."

"काय झालं? काही झालेलं नाही, राजेश. उद्या तिला घेऊन जा."

"अहो, पण उघडतंय ना ते! मी शंभरदा बघितलं. आमचा पालकांचा ग्रुप आहे, तिथे सांगितलं एकाने, अंगात दांडे असले की नव्या औषधाच्या चाचणीत घेतच नाहीत. मग आत्ता दांडे टाकले तर आपल्याच हाताने दार बंद केल्यासारखं होईल. थांबू की थोडं."

"ते उघडत नाही. मी ओढलंय ते."

"म्हणजे?"

मी दोरी समजावली. पाणी समजावलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि आवाज खाली करून म्हणाला, "समजलं ताई. कंपनीने बोलायला मनाई केली असेल. तुम्ही नका टेन्शन घेऊ, मी कोणाला बोलणार नाही."

घ्या! मी जितकं नाही म्हणत होते, तितकं त्याचं हो पक्कं होत होतं. मी चिडले, आवाज चढवला, नको ते बोलले. तो हसत राहिला. बापाला एकदा आशा लागली की जगातला कुठलाही शहाणा त्याच्यापुढे मूर्ख ठरतो. मी तर त्याच्या दृष्टीने ते औषध बनवणारीच बाई. ठरलेला दिवस तसाच निघून गेला.

पुढचे काही महिने असेच गेले. स्मिता जिन्यात भेटली की डोळे चुकवायची. जुई खुर्चीत आणखी कलायला लागली, एका बाजूला उशी लावावी लागायची. एकदा नक्कल करता करता तिला मध्येच दम लागला. ती थांबली, श्वास घेतला आणि नक्कल पुरी केली. सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. मी घरी येऊन ठरवलं की सांगून होत नसेल तर दाखवायचं.

सामंत सरांकडे गेले. म्हटलं, एका मुलीला आणि तिच्या वडिलांना आत आणायचं आहे, यंत्रासमोर बसवायचं आहे. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "मॅडम, लोकांची आशा मोडणं आपलं काम आहे का?"

"सर, दिली आपण. मग मोडायला दुसऱ्या कोणाला पाठवू?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग स्वतःच मालाच्या लिफ्टची सोय बघायला खाली गेले, कारण आमच्या साध्या लिफ्टमध्ये खुर्ची मावत नव्हती.

राजेश खुशीत आला. त्याला वाटलं, आता आतली बातमी कळणार. मालाच्या लिफ्टमध्ये खोक्यांच्या मध्ये जुईची खुर्ची उभी केली तेव्हा ती म्हणाली, "मी पार्सल आहे. पप्पा, पोचल्याची सही घ्या." वर ग्लोरिया दारातच उभी होती. ग्लोरिया आमच्या प्रयोगशाळेची मुख्य. मनोरीची, रोज मार्व्याला बोटीने उतरून यायची. माझ्या कंप्युटरवर पास झालेल्या चरब्या ती खरोखर बनवायची आणि उंदरांना टोचायची. आमचं नेहमीचं भांडण. "वंदू, तुझ्या डब्यातले कण कधी आजारी पडत नाहीत गं," असं म्हणायची.

मी मोठ्या पडद्यावर आधी पाणी चालू करून दाखवलं. सगळा पडदा ठिपक्यांनी गच्च भरला. "टीव्ही बिघडला का?" जुई म्हणाली.

"हे खरं चित्र. एवढ्या पाण्यात, एवढ्या गर्दीत ते असतं. आम्ही पाणी लपवतो." मी बटण दाबलं. दोन भिंती दिसायला लागल्या, शेजारी शेजारी, थरथरणाऱ्या. "आणि हे दोरी न लावता चालवलेलं. यंत्र कित्येक आठवडे हेच करत होतं. मी भरभर पळवून दाखवते."

राजेश पुढे सरकून बसला. गुडघ्यांवर हात, डोळे पडद्यावर. भिंती थरथरत राहिल्या.

"आता उघडेल?"

"नाही."

"जरा पुढे घ्या ना."

पुढे घेतलं. थरथर तशीच. आणखी पुढे घेतलं. तो मॅचच्या शेवटच्या ओव्हरसारखा बघत होता. चित्र संपलं आणि पडदा काळा झाला.

"संपलं?"

"संपलं."

मग मी फिल्ममधलं चित्र लावलं, पण या वेळी दोरी दाखवली, जाड, लाल. धाग्याच्या टोकाला बांधलेली, वर ताणलेली. लाल रेघ वर जाते आणि तिच्यामागे जीनचा धागा भिंतीतून फरफटत बाहेर येतो. बासरी नव्हती. खोलीत फक्त एसीचा आवाज.

"म्हणजे तू खेचलंस," जुई म्हणाली. तिला आधी कळलं.

"हो."

राजेश पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "पण ताई, खेचून का होईना, येतंय ना बाहेर? मग औषधात पण खेचा ना."

अगदी भाबडेपणाने म्हणाला. "औषधात खेचायला कोणी नसतं, राजेश."

ग्लोरियाने मग तिच्या उंदराचा फोटो आणला. जीनबरोबर चमकणारं काहीतरी पाठवलं की तो कुठे पोचला ते उंदराच्या अंगात दिसतं. उंदराच्या पोटाशी लख्ख उजेड होता. "हे यकृत," ती म्हणाली. "सगळं इथेच येऊन बसतं. यकृत गाळून घेतं रे. आणि ह्या मांड्या." मांड्या काळ्याकुट्ट होत्या. "तुमच्या पोरीला पाहिजे ते इथे. इथे अजून काहीच जात नाही. खोटं कशाला सांगू?"

राजेशने फोटो हातात घेतला. खूप वेळ बघितला. मुंबईत जन्मलेला, आमच्याशी कधी घरची बोली न बोलणारा हा माणूस, एकदम त्याच्या तोंडातून निघालं, "मगे इतकी वर्सां तुमी करतास तरी काय?"

ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "काय चालत नाही ते शोधते. हे नाही चालत, ते नाही चालत. एवढंच केलंय मी, राजेश." आणि मला रडू आलं. ऑफिसात, सगळ्यांसमोर, या वयात. का रडले ते तेव्हाही नीट कळलं नव्हतं. त्याच्यासाठी, जुईसाठी, आणि खरं सांगते, माझ्या स्वतःसाठीही. त्या प्रश्नाला माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं.

जुई म्हणाली, "पप्पा, चला ना. भूक लागलीय मला." ग्लोरियाने तिला आपल्या डब्यातली बोंबलाची वडी दिली.

त्यानंतर राजेश माझ्याशी बोलायचा बंद झाला. लिफ्टमध्ये मी असले तर जिन्याने जायचा. पण त्या आठवड्यातच तो हॉस्पिटलमध्ये गेला आणि नवीन दिवस घेऊन आला. स्मिताने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मधल्या काळात फुफ्फुसं आणखी थकली आहेत, आता धोका वाढलाय, बघा, तुम्ही ठरवा. राजेशने सही केली, असं ती म्हणाली.

ऑपरेशन झालं. त्यानंतर जुईला श्वासाच्या यंत्रावरून उतरवता येईना. डॉक्टर रोज 'उद्या' म्हणायचे. मी रोज संध्याकाळी हॉस्पिटलच्या आवारात जाऊन बसायचे. आत जायची माझी हिंमत नव्हती. राजेश यायचा, मला बघायचा, आणि पुढे जायचा. एकदा त्याने येऊन माझ्या शेजारी चहाचा कप ठेवला आणि न बोलता निघून गेला. तो कसला चहा होता, क्षमेचा की नुसताच चहा, ते मी आजवर त्याला विचारलेलं नाही.

जुई घरी आली. सरळ बसलेली, उशीशिवाय. दम कमी लागायला लागला, झोप लागायला लागली. पण या ऑपरेशनची एक किंमत असते, ती आधी कोणाच्या डोक्यात राहत नाही. कणा दांड्यांना बांधला की वाकता येत नाही. जुईच्या हातात ताकद कमी, त्यामुळे ती घास वर उचलण्याऐवजी स्वतः ताटावर वाकून जेवायची. आता वाकता येईना. स्मिता भरवते. पहिल्यांदा भरवलं तेव्हा जुईने तोंड मिटून घेतलं होतं. दुपारपर्यंत जेवली नाही. मग म्हणाली, "दे." आणि सेक्रेटरींच्या आवाजात, "घास लाइनीत लावा, लाइनीत!"

या सगळ्याला आता काही वर्षं झाली. जुई कॉलेजात आहे, घरून परीक्षा देते, कोणाकोणाच्या व्हिडिओंना आवाज देते. राजेश बोलायला लागला, पण तुटक. भेटला की एकच विचारतो, "काय ताई, काही नवीन?" पूर्वीसारखं चेहऱ्यावर काही नसतं, पाऊस आहे का असं विचारावं तसं. मी म्हणते, नाही रे. आणि ते खरं असायचं.

गेल्या महिन्यात ग्लोरियाचा फोन आला. "वंदू, येऊन जा." तिचा आवाज वेगळाच होता. गेले. तिने उंदराचा फोटो समोर ठेवला. यकृतात उजेड होता, नेहमीचा. आणि मांडीत, अगदी पुसट, पहाट व्हायच्या आधी आभाळ असतं तेवढा उजेड. मी ज्या चरबीचं डोकं निवृत्तीच्या आधी बदलून दिलं होतं, तीच. "परत परत करून बघितलं गं," ती म्हणाली. "दर वेळी येतंय." आम्ही दोघी म्हाताऱ्या त्या फोटोकडे बघत बसलो. मग तिने माझी पाठ थोपटली आणि म्हणाली, "उंदीर आहे हां, फक्त उंदीर." मला ठाऊक होतं. उंदरात चालून माणसात आपटलेल्या गोष्टींनी आमचा धंदा भरलेला आहे. पण आयुष्यभरात मांडी उजळलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

घरी आले तर खाली बागेत जुई एकटीच होती. राजेश तिची औषधं आणायला कोपऱ्यावर गेला होता. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मावशी, काय झालंय? तोंड बघ तुझं."

"काही नाही गं."

"चल, थापा नको मारूस."

मी बाकावर बसले आणि सांगितलं. सगळं. पुसट आहे, उंदीर आहे, पुढे काय होईल माहीत नाही. तिने ऐकून घेतलं. मग सरळ विचारलं, "माझ्यासाठी नाही ना येणार?"

"नाही, बाळा. तुझे जे स्नायू गेले, ते कशानेच परत येत नाहीत. माणसापर्यंत आलंच, तर तान्ह्या पोरांना उपयोग. जन्मल्या जन्मल्या कळलं तर."

"म्हणजे ती चालतील?"

"चालतील. कदाचित."

"भारी आहे यार," ती म्हणाली, आणि तिने ते मनापासून म्हटलं. थोडा वेळ समोर सायकल फिरवणाऱ्या पोरांकडे बघत राहिली. मग आवाज खाली करून म्हणाली, "पप्पांना नको सांगूस हां. ते परत वाट बघत बसतील. मागच्या वेळी मी लहान होते. आता मला त्यांच्याकडे बघवणार नाही."

तेवढ्यात राजेश फाटकातून आत आला. औषधाची पिशवी खुर्चीच्या दांडीला अडकवली, ब्रेक सोडला.

"काय ताई, काही नवीन?"

जुईने माझ्याकडे बघितलंही नाही.

"नाही रे राजेश," मी म्हटलं.

"चला पप्पा," ती म्हणाली, "लिफ्ट खालीच आहे."